कान ठणकतोय: आत्ता डॉक्टर, उद्या डॉक्टर, की जरा थांबायचं?

लहान मुलाचा कान दुखायला लागतो तो बहुतेक वेळा रात्रीच. दिवसभर नाक वाहत असूनही खेळत असलेली पोर झोपल्यावर दोन तासांनी किंचाळत उठते. कानाला हात लावू देत नाही, कडेवर घेतलं की जरा थांबते, आडवं केलं की पुन्हा सुरू. घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहतात. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठायचा, की सकाळपर्यंत थांबायचं?

माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा आम्ही या रात्रीतून गेलो. तिच्या रडण्याने माझे हातपाय गळाले होते. पहाटे ती एकाएकी शांत झोपली, तेव्हा सुटलो बाबा म्हणून मीही डोळे मिटले. सकाळी उशीवर, तिच्या उजव्या कानाखाली, अंगठ्याच्या नखाएवढा पिवळट डाग दिसला. मध्ये जरा लालसर, कडेला वाळून कडक झालेला. रात्री कधीतरी कानाचा पडदा फुटला होता, आणि म्हणून ठणका थांबला होता. मी घाबरले होते ते रडण्याला, आणि लक्ष द्यायला हवं होतं ते त्या शांततेकडे.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी धरून आहे. मूल किती जोरात रडतं यावरून कानाचा आजार किती गंभीर आहे हे ठरवता येत नाही. सगळ्यात जास्त रडवणारा टप्पा अनेकदा आपोआप निवळतो. धावत सुटावं अशा खुणा मात्र मुकाट असतात. कानामागची सूज, मलूलपणा, दूध-पाणी न घेणं, हाकेला ओ न देणं. या खुणा मुद्दाम बघाव्या लागतात.

पडद्यामागे काय चालतं

बाहेरची पाळी आणि आत जाणारी नळी हा बाह्यकर्ण. ती नळी संपते तिथे पडदा. पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते, तो मध्यकर्ण. आणि त्याच्याही आत ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा, तो अंतर्कर्ण. सर्दीनंतर येणारी मुलांची कानदुखी म्हणजे बहुतेक वेळा मध्यकर्णाचा संसर्ग.

या पोकळीतून एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते, आतली हवा बदलते, साठलेला ओलावा घशाकडे उतरतो. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलात ती आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की तिचं अस्तर सुजतं आणि वाट बुजते. कोंडलेली हवा शोषली जाते, तिच्या जागी पाणी साठतं आणि नाका-घशातले जंतू त्या पाण्यात वाढू लागतात. मग पू होतो, पडदा आतून रेटला जाऊन बाहेर फुगतो. ठणका लागतो तो या ताणाचा. आडवं झाल्यावर दाब वाढतो, म्हणून रात्र वाईट जाते.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. कानदुखी सहसा सर्दीच्या पहिल्याच दिवशी येत नाही. नाक वाहून दोन-चार दिवस झालेले असतात, मूल सुधारतंय असं वाटत असतं आणि मग ताप पुन्हा चढतो, किरकिर वाढते. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सगळ्यात जास्त होतं. पुढे चेहरा आणि कवटी वाढते तशी नळी लांब होते, तिला उतार येतो आणि शाळेच्या वयात बहुतेक मुलांचा हा त्रास मागे पडतो.

हे घडवणारे नेहमीचे जिवाणू तीन: न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्झेला. त्यांच्या जोडीला सर्दीचे विषाणू असतात, आणि काही मुलांत तर फक्त विषाणूच असतात. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. पुढे उपचारांचं बोलताना याची आठवण ठेवा.

बोलता न येणाऱ्या मुलाचं कसं ओळखावं

चार वर्षांचं मूल कानावर बोट ठेवून सांगतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आपण सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो तो कान ओढण्यावर, आणि नेमकी तीच खूण सगळ्यात कच्ची आहे. बाळांना आपले कान सापडले की ती ते ओढतात. झोप आली की ओढतात, दात येताना ओढतात, काही कारण नसतानाही ओढतात. ताप नाही, सर्दी नाही, झोप आणि दूध नेहमीसारखं चालू आहे, आणि बाळ नुसतं कान ओढतंय, तर संसर्ग असण्याची शक्यता कमीच.

यापेक्षा पिताना काय करतं ते बघा. भूक लागलेलं बाळ अधाशासारखं प्यायला लागतं, दोन-चार घोट घेतं आणि तोंड सोडून कळवळून रडतं. पुन्हा तोंड लावतं, पुन्हा सोडतं. चोखताना आणि गिळताना मध्यकर्णातला दाब हलतो आणि कळ येते. याच्या जोडीला सर्दी, ताप आणि आडवं केल्यावर वाढणारं रडणं असेल तर संशय बळावतो. काही बाळांना उलट्या किंवा पातळ शी होते आणि सगळ्यांचं लक्ष पोटाकडे जातं.

दुखणं बाहेरच्या नळीतलं आहे की पडद्यामागचं, याचा अंदाज घरी येऊ शकतो. कानाच्या भोकासमोर एक छोटा उंचवटा असतो, तो हलकेच दाबा किंवा पाळी किंचित ओढा. त्याने मूल कळवळलं तर दुखणं बाहेरच्या नळीत असण्याची शक्यता जास्त. पोहणाऱ्या मुलांना, किंवा कान कोरून आत ओरखडा पडलेल्यांना हे होतं. तेही दाखवायलाच हवं, पण उपचार वेगळा असतो, बहुतेक वेळा कानात घालायचे थेंब.

मोबाइलच्या टॉर्चने आत बघायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातून कळत काही नाही. नळी वाकडी असते, मळ आड येतो, पडदा दिसत नाही. डॉक्टरसुद्धा नुसत्या लालीवर विसंबत नाहीत, कारण रडून किंवा तापानेही पडदा लाल होतो. ते बघतात तो पडद्याचा फुगवटा, आणि जमल्यास हवेच्या हलक्या दाबाने तो हलतो का तेही. म्हणून “कान लाल आहे” एवढं ऐकून समाधान मानू नका. पडदा फुगलाय का, मागे पू आहे का, असं सरळ विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

सकाळची वाट बघायची नाही ती वेळ

पहिलं वय. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर कान असो वा दुसरं काही, तडक दवाखाना. इतक्या लहान बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी असते, संसर्ग रक्तात उतरला तरी बाहेरून फारसं दिसत नाही, आणि कारण शोधायला तपासण्या लागतात. घरी तापाचं औषध देऊन वाट बघू नये. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा कान दुखतोय असा संशय असेल तर त्याच दिवशी दाखवावं.

दुसरी खूण कानामागची. पाळीच्या मागे जे कडक हाड हाताला लागतं, त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात आणि ते मध्यकर्णाला जोडलेले असतात. संसर्ग तिथे शिरला की त्याला मॅस्टॉइडायटिस म्हणतात. अँटिबायोटिक येण्यापूर्वीच्या काळात हा आजार मुलांच्या जिवावर उठायचा. आता तो क्वचित होतो, पण झाला तर इस्पितळात दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागतं, कधी शस्त्रक्रियाही. तो ओळखायला उपकरण लागत नाही. मुलाला मांडीवर पाठमोरं बसवा, केस बाजूला करा आणि मागून दोन्ही कान एकाच वेळी बघा. एरवी दोन्ही पाळ्या सारख्या दिसतात आणि मागे एक खाच असते. एका बाजूची खाच भरून गेलीय, कातडी लाल आणि चकचकीत दिसतेय, पाळी पुढे आणि खाली ढकलल्यासारखी वाटतेय, हाडावर बोट टेकवताच मूल ओरडतंय, यातलं काहीही असेल तर तसंच उठून जायचं. समोरून बघताना हा फरक नजरेतून निसटतो. कानदुखी चालू असेपर्यंत दिवसातून दोनदा मागून बघायची सवय लावून घ्या. अर्धा मिनिट लागतं.

तिसरी गोष्ट मुलाची एकूण तऱ्हा. डोळे उघडायला तयार नाही, उठवलं तरी पुन्हा ग्लानीत जातं, मान पुढे वाकवता येत नाही, उजेड सहन होत नाही, उलट्या थांबत नाहीत, बाळाच्या डोक्यावरची टाळू फुगलेली दिसते, झटका येतो. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत गेल्याची ही लक्षणं असू शकतात. हसताना किंवा रडताना तोंड एका बाजूला ओढलं जातंय आणि एक डोळा नीट मिटत नाहीये, तर चेहऱ्याची नस दबलीय. ही नस मध्यकर्णाच्या अगदी लगत जाते. चालणारं मूल अचानक झोकांड्या खाऊ लागलं, तर तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाला धक्का पोचल्याची शंका घ्यावी. हे सगळं दुर्मीळ आहे. घाबरवायला सांगत नाही, दिसल्यावर थांबू नये म्हणून सांगतेय.

पाणी आणि दूध पूर्ण सोडलंय, सात-आठ तासांत लघवी झालेली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तोंड कोरडं पडलंय, तर कानाचं कारण बाजूला ठेवून शरीरातलं पाणी कमी झालं म्हणूनच न्यायला हवं.

दोन प्रसंग संसर्गाचे नाहीत, पण कानदुखी म्हणूनच समोर येतात. डोक्याला मार लागल्यावर कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं तर लगेच इस्पितळ गाठा. आणि खेळण्यातली किंवा रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी कानात गेल्याची नुसती शंका जरी असली तरी तासभरही थांबू नका. ती ओलाव्याला लागली की काही तासांत आतली कातडी आणि पडदा जाळते. कानात थेंब किंवा पाणी घालू नका, चिमट्याने काढायला जाऊ नका, मुलाला घेऊन निघा.

आज-उद्या दाखवायलाच हवं

वर सांगितलेलं काही नाही, पण ताप ३९ अंश सेल्सिअसवर, म्हणजे १०२.२ फॅरनहाइटच्या पुढे गेलाय, दुखणं कमी करणारं औषध नीट मात्रेत देऊनही ठणका थांबत नाहीये, किंवा दुखणं सुरू होऊन ४८ तास होत आले आणि उतार नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान दुखत असतील तरी दाखवा, कारण या मुलांना अँटिबायोटिकचा उपयोग इतरांपेक्षा जास्त होतो. कानातून पू आला तर दुखणं थांबलेलं असलं तरीही दाखवा.

काही मुलांच्या बाबतीत थांबून बघण्याचा हिशोब लागू होत नाही. तोंडातली टाळू जन्मतः दुभंगलेली असेल, डाउन सिंड्रोम असेल, ऐकू येण्यासाठी कानात कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र बसवलेलं असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषधं असतील, किंवा एका कानाने आधीच कमी ऐकू येत असेल, तर पहिल्या संशयालाच डॉक्टरांशी बोलावं.

फोन करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या तर बोलणं पटकन होतं. दुखणं कधी सुरू झालं, सगळ्यात जास्त ताप किती भरला आणि कधी, कोणतं औषध किती मात्रेत किती वाजता दिलं, शेवटची लघवी कधी झाली. रात्रभर जागलेल्या डोक्याला यातलं काहीच नीट आठवत नाही, माझा अनुभव आहे.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे

मग राहिलेल्या मुलांचं काय? सहा महिन्यांहून मोठं, एकाच कानात दुखणं, ताप बेताचा, औषध दिल्यावर मूल तासाभरात थोडं हसतंय, पितंय. अशा मुलाला पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक न देता दोन-तीन दिवस नजर ठेवण्याची पद्धत नेदरलँड्सने १९९० पासून अधिकृतपणे सुरू केली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत तिला जागा दिली. अमेरिकेच्या सूचनांत दोन वर्षांहून मोठ्या मुलांना ही सवलत दुखणं सौम्य असेल तर दोन्ही कानांसाठीही आहे. दोन्ही देशांत अट एकच, तब्येत बिघडली किंवा ४८ ते ७२ तासांत सुधारली नाही तर औषध सुरू करण्याची सोय हाताशी हवी.

यामागे आकडे आहेत. कोक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. अँटिबायोटिक घेतलं काय, न घेतलं काय, १०० पैकी साधारण ६० मुलांचं दुखणं २४ तासांत थांबलेलं होतं. दोन-तीन दिवसांनी फरक दिसला तो असा, की २० मुलांना औषध दिलं तर त्यातल्या एकाचं दुखणं औषधामुळे थांबलं. आणि दर १४ मुलांमागे एकाला औषधामुळे जुलाब, उलट्या किंवा पुरळ असा त्रास झाला. हे वाचलं तेव्हा मी चकित झाले होते, कारण “औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं” ही आपल्या सगळ्यांची आठवण असते. ते बरं वाटणं पुष्कळदा तसंही होणारच होतं.

म्हणून अँटिबायोटिक वाईट असं मात्र मुळीच नाही. ज्यांना लागतं त्यांना ते लागतंच, आणि डॉक्टरांनी दिलं तर सांगितलेले दिवस पूर्ण करायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ते बहुधा १० दिवस देतात, मोठ्यांना पाच ते सात. ४८ ते ७२ तासांत फरक पडला नाही तर पुन्हा दाखवायचं, कारण औषध बदलावं लागू शकतं. गेल्या वेळची उरलेली बाटली उघडणं किंवा भावंडाचं औषध देणं, हे कधीही करू नका.

दुखणं कमी करणं मात्र पहिल्या तासापासून करायचं. निदान होईपर्यंत मुलाने सोसत राहण्याचं काहीच कारण नाही. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या मुलाला म्हणजे एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. चूक होते ती बाटलीत. एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात आणि लहान बाळांच्या थेंबांत औषध बरंच दाट असतं, त्यामुळे “गेल्या वेळी पाच मिली दिलं होतं” हे पुरत नाही. दर पाच मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते लेबलावर वाचायचं आणि घरातल्या चमच्याऐवजी औषधाबरोबर मिळणाऱ्या मापाने किंवा सिरिंजने द्यायचं. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या आत देत नाहीत, आणि मोठं मूलसुद्धा ओकत असेल किंवा पाणी कमी घेत असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण भयंकर आजार होऊ शकतो.

कानात आपल्या मनाने काही घालू नका. तेल नको, घरात पडून असलेले थेंब नकोत. पडदा फुटलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि फुटलेल्या पडद्यातून काही औषधं आत उतरली तर अंतर्कर्णाला अपाय होऊ शकतो. सर्दीची नाक सुकवणारी औषधं आणि ॲलर्जीच्या गोळ्या मध्यकर्णाचा संसर्ग लवकर बरा करत नाहीत, उलट लहान मुलांना त्यांचा त्रासच होतो. मुलाला खांद्यावर उभं धरून बसणं मात्र खरंच उपयोगी पडतं. आम्ही दोघांनी त्या रात्री पाळीपाळीने तेच केलं.

कान वाहायला लागला तर

पडदा फुटला हे ऐकून कोणाच्याही छातीत धस्स होतं. पण संसर्गाने पडलेलं छिद्र बारीक असतं आणि बहुतेक मुलांत काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. पू बाहेर पडला की दाब उतरतो आणि मूल खेळायलाही लागतं. इथेच घरातली माणसं गाफील होतात. डॉक्टरांना एक-दोन दिवसांत दाखवायचं ते पडदा भरतोय का आणि औषध लागतंय का हे ठरवायला.

तोवर, आणि नंतरही, कान कोरडा ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटना आरोग्यसेवकांना जी पद्धत शिकवते ती घरी जमण्यासारखी आहे. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची किंवा न फाटणाऱ्या टिश्यू कागदाची छोटी पट्टी घ्या आणि चिमटीत पीळ देत तिची वात करा. काडी नको, कापूस गुंडाळलेली तर अजिबात नको. वातीचं टोक कानाच्या तोंडाशी अलगद ठेवा आणि ती ओली होईपर्यंत धरा. काढा, टाकून द्या, नवी वात लावा. वात कोरडी बाहेर येईपर्यंत असंच करायचं, दिवसातून निदान तीन वेळा. वात आत ठेवून द्यायची नाही. पहिल्यांदा डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून समोर करून घेतलं तर हात बसतो. माझी मुलगी पहिल्या दिवशी किंचाळली, तिसऱ्या दिवशी स्वतःच डोकं कलतं करून बसली. अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि पोहणं बंद.

दोन आठवडे झाले तरी कान वाहतोय, तर तो जुनाट संसर्ग धरतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायची ही वेळ. स्रावाला घाण वास येत असेल तर त्याच्याही आधी जा. पडद्यामागे कातडीच्या पेशींचा गोळा वाढत जाऊन शेजारची हाडं कुरतडतो असा कोलेस्टिआटोमा नावाचा विकार असतो. तो दुखत नाही, ताप येत नाही, नुसता वास येतो आणि ऐकू येणं कमी होत जातं. “याचा कान लहानपणापासून वाहतो” असं म्हणून वर्षं काढणाऱ्या घरांची मला काळजी वाटते ती यामुळे.

वारंवार होणाऱ्या संसर्गाचाही हिशोब ठेवावा. सहा महिन्यांत तीनदा, किंवा वर्षात चारदा झाला तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा. काही गोष्टींनी शक्यता कमी करता येते. घरात कोणीही विडी-सिगारेट न ओढणं, पहिले सहा महिने आईचं दूध, बाटलीने पाजायचं तर बाळाचं डोकं उंच ठेवून, न्यूमोकॉकसची आणि फ्लूची लस. चोखणी सहा महिन्यांनंतर कमी करावी.

दुखणं गेलं, पाणी राहिलं

संसर्ग बरा झाल्यावरही पडद्यामागे पाणी आठवडेच्या आठवडे राहू शकतं. ते दुखत नाही, त्याने ताप येत नाही. फक्त आवाज मुलापर्यंत दबून पोचतो, आपण कानावर उशी धरून ऐकावं तसा. बहुतेक मुलांत तीन महिन्यांत ते निचरून जातं. तोवर औषधांचा उपयोग नसतो, वाट बघणं हाच उपाय.

पण त्या तीन महिन्यांत मुलाकडे बघायचं कसं हे कोणी सांगत नाही. मूल आपल्याला बघत असताना हाक मारली तर ते ओठ आणि चेहरा वाचून ओ देतं, आणि ऐकू येतंय असं आपण धरून चालतो. ते खेळण्यात रमलेलं असताना, मागून, नेहमीच्या आवाजात नाव घ्या. पंख्याच्या, टीव्हीच्या आवाजात एकदा आणि शांत खोलीत एकदा. टीव्हीचा आवाज वाढवून मागतं का, एकच कान पुढे करतं का, शब्द अर्धवट उच्चारतं का, शाळेतून “लक्ष देत नाही” अशी तक्रार येते का. हट्टी किंवा मंद म्हणून रागावून घेणाऱ्या कितीतरी मुलांना खरं तर नीट ऐकूच येत नसतं. बोलायला शिकण्याच्या वयात हे महिने मोलाचे आहेत, म्हणून अशी शंका आली तर तीन महिने थांबू नका, श्रवणतपासणी करून घ्या. पाणी दोन्ही कानांत टिकून राहिलं आणि ऐकण्यावर परिणाम होत असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची अगदी बारीक नळी बसवतात. हवा खेळती राहते, आणि काही महिन्यांनी ती बहुधा आपोआप निघून येते.

आम्हाला डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं होतं. तोवर मुलगी धडधाकट धावत होती आणि जावं की न जावं असं वाटत होतं. गेलो. उजवा पडदा भरून आला होता, डाव्या पडद्यामागे पाणी होतं. ज्या कानाबद्दल तिने कधी तक्रारच केली नव्हती, त्या कानात. आणखी सहा आठवड्यांनी तेही गेलं.